घोडे पेंड खाते कुठे?

संगणकातले फोटो, प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, प्रयोगांच्या नोंदी दूरच्या एखाद्या केंद्रातल्या संगणकांवर जपून ठेवण्याची सोय आता घरोघरी पोचली आहे. तिला 'क्लाउड बॅकअप' म्हणतात. नावात ढग असला तरी प्रत्यक्षात आपली माहिती तारेतून दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर जाऊन बसते. ही सोय वापरणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "दोन दिवस झाले, अजून बारा टक्केच काम झाले आहे!" आणि तिला जोडून दुसरी: "हे काम चालू असले की घरातले बाकीचे इंटरनेटही ठप्प होते." यावर एक ठरलेला उपाय सुचवला जातो, तो म्हणजे जास्त पैसे भरून जास्त वेगाची जोडणी घेणे.

कधी हा उपाय लागू पडतो, कधी मुळीच पडत नाही. कारण 'मंद' या एका शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. सेकंदाला किती माहिती पुढे सरकते, हा झाला दर. माहितीचा एक तुकडा निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागतो, हा झाला विलंब. कालव्यातून दर तासाला किती पाणी वाहते आणि धरणातून सोडलेले पाणी शेतावर यायला किती तास लागतात, हे जसे दोन वेगळे प्रश्न आहेत, तसेच हे. इंटरनेट बांधणाऱ्या तज्ज्ञांनाही हा फरक पुन्हा पुन्हा नव्याने शिकावा लागला. तो इतिहास पाहिला, की आपल्या घरी घोडे नेमके कुठे पेंड खाते हे शोधणे सोपे जाते.

एका तारेतल्या दोन वाटा

घरात येणारी माहिती भरधाव आणि घरातून जाणारी रडतखडत, असे का? याचे मूळ दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेत आहे. ही तार बोलण्यासाठी घातलेली होती. बोलणे समजायला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढा कंप्रतांचा पट्टा पुरतो. तारेतून त्याहून कितीतरी वरच्या कंप्रताही जाऊ शकतात, पण त्या मोकळ्या पडून होत्या.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या 'बेलकोअर' या संशोधनसंस्थेत जोसेफ लेक्लायडर यांनी या मोकळ्या जागेची वाटणी कशी करावी याचा विचार केला. अडचण अशी होती, की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेकडो घरांच्या तारा एकाच जुडग्यात शेजारी शेजारी येतात आणि एका तारेतला संदेश शेजारच्या तारेत थोडासा झिरपतो. घरून निघालेला संदेश काही किलोमीटर चालून एक्स्चेंजमध्ये पोचतो तेव्हा तो अगदी क्षीण झालेला असतो. त्याच ठिकाणी, त्याच कंप्रतांवर, शेजारच्या तारांतून जोरदार संदेश बाहेर पडत असतील तर हा क्षीण संदेश त्यांत बुडून जातो. दूरवरून कुणी कुजबुजत असताना आपल्या कानाशी चारजण ओरडत असावेत, तसे.

दोन्ही दिशांना वेगवेगळे पट्टे दिले, तर हा गोंधळ टळतो. मग समसमान वाटणी करण्यापेक्षा एका दिशेला मोठा वाटा द्यावा, म्हणजे तारेतून एकूण जास्त माहिती नेता येईल, असे लेक्लायडर यांनी दाखवले. मोठा वाटा कोणत्या दिशेला द्यायचा, हे त्या काळच्या अपेक्षेने ठरवले. दूरध्वनी कंपन्यांना तारेतून घरोघरी चित्रपट पोचवायचे होते. घराने फक्त 'हा चित्रपट हवा' एवढेच कळवायचे होते.

यातून 'एडीएसएल' हे तंत्र उभे राहिले. त्यातला 'ए' म्हणजे 'असममित'. त्याच्या रूढ रचनेत सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्‌झचा पट्टा घरातून बाहेर जाण्यासाठी आणि १३८ ते ११०४ किलोहर्ट्‌झचा पट्टा घरात येण्यासाठी. वजाबाकी करून पाहा: येणारी वाट जाणाऱ्या वाटेच्या आठ-नऊपट रुंद आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत याचे पहिले प्रमाणक ठरले. चित्रपटांचा तो बेत फसला; पण त्याच सुमारास वर्ल्ड वाइड वेब आले आणि तयार तंत्राला नवे काम मिळाले. वेबचा वाचकही मागतो थोडे आणि घेतो फार, त्यामुळे तेव्हा कुणाचे काही बिघडले नाही.

भारतात बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली, तीही याच घराण्यातल्या तंत्राने. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, केंद्र सरकारच्या धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली होती: सेकंदाला किमान २५६ किलोबिट. हा आकडा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिट. पण २००४ ची ती व्याख्या पुन्हा वाचावी. तिच्यात आकडा आहे तो माहिती घरात घेण्याच्या वेगाचा. घरातून पाठवण्याच्या वेगाबद्दल व्याख्या गप्प आहे.

तेव्हा पहिला हिशेब इथेच करून घेऊ. ५० गिगाबाइटचा साठा पाठवायचा आहे. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून एकूण ४०० अब्ज बिट झाले. जाणारी वाट सेकंदाला एक मेगाबिटची असेल तर चार लाख सेकंद लागतील, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. वाट वीस मेगाबिटची असेल तर वीस हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास. जाहिरातीत बिट असतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये असतो. ही आठची पट ध्यानात न आल्याने कित्येक तक्रारी जन्माला येतात. घरोघरी पोचलेल्या काचतंतूच्या जोडण्यांत बऱ्याचदा दोन्ही दिशांचा दर सारखा असतो. तरीही तक्रार उरतेच. म्हणजे घोडे आणखी कुठेतरी अडते आहे.

चारशे यार्डांचे अंतर

आता थोडे मागे, १९८६ सालात जाऊ. इंटरनेट तेव्हा विद्यापीठे आणि प्रयोगशाळांपुरते होते. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्यांच्यातला माहितीवहनाचा दर एरवी सेकंदाला ३२,००० बिट असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो एकाएकी ४० बिटांवर घसरला. ४० बिट म्हणजे पाच अक्षरे. एखादा सराईत टंकलेखक साधारण याच वेगाने टंकलेखन करतो! तार तुटलेली नव्हती, यंत्रे बंद पडलेली नव्हती, उलट सगळे जण जिवापाड काम करत होते. मग झाले काय होते?

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी याचा छडा लावला. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेट पोचले की घेणारा पोच पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा पॅकेट हरवले असे समजून तेच पुन्हा पाठवतो. त्या दिवसांत वाटेवरच्या यंत्रांत पॅकेटांच्या रांगा लागल्या होत्या. पॅकेट हरवलेले नसे, रांगेत उभे असे. पण पाठवणाऱ्याचा धीर सुटे आणि तो दुसरी प्रत पाठवी. ती प्रत त्याच रांगेत शेवटी उभी राही, रांग आणखी वाढे, मग तिसरी प्रत निघे. वाट पूर्ण भरलेली होती, पण भरली होती ती मुख्यतः नकलांनी. उपयोगी काम जवळजवळ शून्यावर आले.

जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय वर्गातही समजावता येईल इतका साधा आहे. वाटेवरचे एक पॅकेट बाहेर पडल्याशिवाय नवे आत सोडायचे नाही. पण बाहेर पडले हे कळणार कसे? पोच आल्यावर! म्हणजे पोच हेच पाठवणाऱ्याचे घड्याळ झाले. सुरुवात एका पॅकेटने करायची, पोच येत राहतील तसे प्रमाण वाढवत न्यायचे. एखादे पॅकेट खरोखरच हरवले, तर वाट भरली आहे असे समजून प्रमाण निम्म्यावर आणायचे आणि पुन्हा हळूहळू वाढवत जायचे.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती उपयोगी पडणार आहे. पॅकेट हरवणे ही इथे केवळ हानी राहिली नाही, ती पाठवणाऱ्याला मिळणारी सूचना झाली. जगभरातले असंख्य संगणक एकमेकांना न ओळखता या सूचनेवरून आपापला वेग आवरतात, म्हणून सामाईक वाट मोकळी राहते.

अंतराचा हिशेब

पोच हे घड्याळ असेल, तर दूरच्या ठिकाणाशी बोलताना ते घड्याळ सावकाश चालणार. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन येण्यास निदान एक अष्टमांश सेकंद. समुद्रातल्या तारा सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात पाव सेकंद धरू.

१९८१ मध्ये ठरलेल्या नियमांत, पोच न येता एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेवर ठेवता येत. पाव सेकंदात एवढेच गेले, तर दर सेकंदाला सुमारे २१ लाख बिट झाला. तार शंभर मेगाबिटची असली तरी दोन मेगाबिटांवर गाडी अडणार! ही मर्यादा १९९२ मध्ये नियम सुधारून काढली गेली आणि आजचे संगणक ती सुधारणा पाळतात.

पण त्याच हिशेबाचे दुसरे रूप अजून भेटते. समजा, दहा हजार छोट्या फाइली आहेत आणि बॅकअपची प्रणाली एकेक फाइल पाठवून, तिची नोंद झाल्याची पोच घेऊन, मगच पुढची हाती घेते. प्रत्येक फाइलमागे तीन फेऱ्या आणि फेरीला एक पंचमांश सेकंद धरला, तर सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे, नुसत्या येण्या-जाण्यात जातात. तार कितीही रुंद केली तरी यातला एक सेकंदही कमी होत नाही. आणि फेरीचा हा वेळ काही कारणाने एक सेकंदावर गेला तर? मग तेच काम आठ तास वीस मिनिटांचे होते. असे कारण बहुधा आपल्या घरातच, मोडेमच्या पोटात असते. पुढची गोष्ट त्याची आहे.

अमर्याद कोठाराचा शाप

वाटेवरच्या प्रत्येक यंत्रात पॅकेटे क्षणभर ठेवायला थोडी स्मृती असते, तिला बफर म्हणतात. अचानक लोंढा आला तर तो सामावून घेणे हे तिचे काम. स्मृती महाग होती तेव्हा बफर लहान असत. भरले की नवी पॅकेटे गळून पडत. साहजिकच असे वाटे, की स्मृती भरपूर असती तर गळती थांबली असती.

जॉन नेगल या अभियंत्याने १९८५ च्या डिसेंबरमध्ये एका टिपणात नेमका हा प्रश्न विचारला: पॅकेटे पुढे सरकवणाऱ्या यंत्रांना अमर्याद स्मृती दिली तर काय होईल? त्याचे उत्तर चक्रावून टाकणारे होते. प्रत्येक पॅकेटाला ठरावीक आयुष्य असते. रांग वाढतच गेली, तर पॅकेट पोचेपर्यंत त्याचे आयुष्य संपते आणि ते टाकून द्यावे लागते. म्हणजे भार क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर अमर्याद कोठार असलेल्या जाळ्यात सगळीच पॅकेटे वाया जातील! कोठार मोठे केल्याने भार कमी होत नाही, फक्त प्रतीक्षा वाढते. म्हणून नेगलने सुचवले, की प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवावी आणि आळीपाळीने एकेकाचे पॅकेट सोडावे.

हे टिपण कुणापासून लपलेले नव्हते. पण पुढच्या वीस वर्षांत स्मृती स्वस्त होत गेली, आणि मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी 'पॅकेट गळू नये' या सद्‌हेतूने तिचा सढळ वापर केला. शिवाय एकच मोडेम मंद आणि वेगवान अशा दोन्ही जोडण्यांवर विकायचा, म्हणून बफर वेगवान जोडणीला पुरेल असा ठेवायचा. याचा परिणाम हिशेबाने पाहू. २५६ किलोबाइटचा बफर वीस मेगाबिटच्या वाटेवर एक दशांश सेकंदात रिकामा होतो. तोच बफर ५१२ किलोबिटच्या वाटेवर रिकामा व्हायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत रांगेच्या शेवटी उभे राहिलेल्या प्रत्येक पॅकेटाची गत सारखीच, मग ते बॅकअपचे असो की बोलण्यातल्या एका शब्दाचे.

२०१० मधला शोध

जिम गेटिस हे 'एक्स विंडो' या प्रणालीच्या जनकांपैकी एक. २०१० मध्ये ते त्या प्रणालीचा जुना संग्रह आपल्या घरून एमआयटी संस्थेतल्या संगणकावर पाठवत होते. काम आपल्या क्लाउड बॅकअपसारखेच. ते चालू असताना घरातले बाकीचे इंटरनेट जवळजवळ निरुपयोगी होई. त्यांनी अंदाज न बांधता मोजमाप घेतले. जवळच्याच ठिकाणी जाऊन येण्याचा विलंब एक सेकंदाहून जास्त झालेला होता. एरवी तो सेकंदाच्या काही शतांशांपलीकडे जाऊ नये. फाइल पाठवणे थांबवले की विलंब लगेच खाली येई.

म्हणजे प्रकाश मंदावला नव्हता की तार खराब झाली नव्हती. पॅकेटे घरातच रांगेत उभी होती. १९८८ च्या नियमाप्रमाणे पाठवणारा संगणक एखादे पॅकेट हरवेपर्यंत प्रमाण वाढवत राहतो. बफर एवढा मोठा, की पॅकेट लवकर हरवतच नाही. सूचना मिळत नाही, म्हणून संगणक आणखी पाठवतो आणि रांग सतत तुडुंब राहते. खाली उतरणारी माहितीही यात अडकते, कारण तिच्या पोचपावत्या याच रांगेतून बाहेर जायच्या असतात. गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हटले, म्हणजे बफरांची सूज. त्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी 'नेटालायझर' या साधनाने घेतलेल्या १,३०,००० चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरगुती जोडण्यांत असे फुगलेले बफर सर्रास आढळले.

उपाय शोधायला पुन्हा व्हॅन जेकबसनच पुढे आले, या वेळी कॅथलीन निकोल्स यांच्यासह. रांग फार वाढण्याआधीच काही पॅकेटे मुद्दाम गाळावीत, ही पद्धत सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्येच सुचवली होती. पण तिच्यातले आकडे प्रत्येक ठिकाणी नव्याने जुळवावे लागत, म्हणून ती बहुधा बंदच ठेवली जाई. २०१२ मध्ये निकोल्स-जेकबसन जोडीने मांडलेल्या 'कोडेल' पद्धतीत रांगेची लांबी पाहतच नाहीत, पॅकेट किती वेळ थांबले ते पाहतात. लोंढा येऊन क्षणात ओसरत असेल तर रांग निरोगी आहे. पण सलग एक दशांश सेकंदभर प्रत्येक पॅकेटाला पाच सहस्रांश सेकंदांहून जास्त थांबावे लागले, तर रांगेने मुक्काम ठोकला असे समजून एखादे पॅकेट गाळायचे. गाळलेले पॅकेट हीच पाठवणाऱ्याला सूचना, आणि तो वेग आवरतो. या युक्तीला नेगलच्या आळीपाळीच्या रांगांची जोड देऊन 'एफक्यू-कोडेल' तयार झाली. ती त्याच वर्षी लिनक्समध्ये आली आणि २०१८ मध्ये तिचा अधिकृत आलेख प्रसिद्ध झाला. नेगलच्या टिपणानंतर सत्तावीस वर्षांनी त्यातली सूचना घरच्या राउटरपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली.

ही काही तज्ज्ञांपुरती गोष्ट नव्हे. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा शिक्षकाचा आवाज आणि चित्र याच अरुंद वाटेने बाहेर पडत होते. शेजारच्या खोलीतल्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला, की शिकवणे तुटक ऐकू येई आणि दोष जोडणीला दिला जाई. कित्येक ठिकाणी जोडणी पुरेशी होती. रांग फुगली होती.

घरी आणि वर्गात

हा इतिहास जाणणाऱ्याने आपल्या घरी काय पाहावे?

पहिले, पाठवण्याचा दर वेगळा मोजावा, शक्यतो वायफाय टाळून, तार जोडून; आणि बिट-बाइटचा हिशेब मांडावा. उत्तर चार दिवस येत असेल तर यंत्रात दोष नाही, वाटच तेवढी आहे.

दुसरे, 'पिंग' ही आज्ञा देऊन जाऊन येण्याचा विलंब दोनदा मोजावा: एकदा सगळे शांत असताना, एकदा बॅकअप चालू असताना. पहिला आकडा वीस सहस्रांश सेकंद आणि दुसरा हजार आला, तर रांग घरातच आहे. मग बॅकअपच्या प्रणालीतच पाठवण्याच्या वेगाला मर्यादा घालावी, मोजलेल्या दराच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास. वेग थोडा कमी केल्याने मोडेममध्ये रांगच लागत नाही आणि घर पूर्ववत चालते. राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

तिसरे, विलंब वाढत नाही आणि तरीही काम रखडते, तर दोष दूरच्या अंतरात, एकेक फाइल पाठवणाऱ्या प्रणालीत किंवा पलीकडच्या केंद्रात शोधावा. अशा वेळी जास्त वेगाची जोडणी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

आठवी-नववीच्या वर्गात हे चिठ्ठ्यांच्या खेळाने दाखवता येईल. एक विद्यार्थी दर सेकंदाला एक चिठ्ठी, तिच्यावर घड्याळातली वेळ लिहून, ट्रेमध्ये ठेवतो. दुसरा दर दोन सेकंदांनी ट्रेमधली सर्वांत जुनी एकच चिठ्ठी उचलून पुढे देतो. तिसरा ती मिळाल्याची वेळ लिहितो. एकदा ट्रेमध्ये पाचच चिठ्ठ्या मावतील असा नियम करावा, जास्तीच्या खाली पडू द्याव्यात. दुसऱ्यांदा मर्यादा काढून टाकावी. दोन मिनिटांनी दोन्ही वेळच्या नोंदींचे आलेख मुलांनी काढावेत. पुढे पोचलेल्या चिठ्ठ्यांची संख्या दोन्ही वेळा जवळजवळ तेवढीच भरेल. प्रतीक्षेचा वेळ मात्र पहिल्या आलेखात दहा सेकंदांच्या आसपास थांबलेला दिसेल आणि दुसऱ्यात चढतच जाईल. मग खाली पडलेल्या चिठ्ठ्या दाखवून मुलांना विचारावे: पहिल्या विद्यार्थ्याला हे पडणे दिसत असते, तर त्याने काय केले असते?